विंडोज ११ : अपग्रेड की फॉरमॅट? या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून दुकानात येणारा जो तो एकच वाक्य बोलतो: "फॉरमॅट मारून अकरा टाका." मी विचारतो, सी ड्राइव्हमध्ये काय आहे? उत्तर ठरलेलं: "काही नाही हो, सगळं डी मध्ये आहे." मग मी त्यांच्यासमोर डेस्कटॉप उघडतो. तिथे मुलीचे बारावीचे प्रोजेक्ट, सोसायटीचे हिशेब, आधारचं स्कॅन, सगळं पडलेलं. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स हे सहसा सी मध्येच असतं, हे सांगून माझी जीभ झिजली.

माझं मत सरळ आहे. मशीन नीट चालतंय, हार्डवेअर बसतंय, तर अपग्रेड करा. फाइली आणि सॉफ्टवेअर जागच्या जागी राहतात. व्हायरस शिरलाय, कुणीतरी क्रॅकवालं विंडोज घातलंय, किंवा जुनं विंडोज ३२ बिटचं आहे, तर क्लीन इन्स्टॉल, म्हणजे डिस्क फॉरमॅट करून विंडोज नव्याने घालणं. ३२ बिटवाल्यांना तर दुसरा रस्ताच नाही, कारण अकरा फक्त ६४ बिटमध्ये येतं. आजारी मशीनवर अपग्रेड केलं की आजार अकरामध्ये जातो, एवढंच. आणि मशीन हळू चालतंय ते जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमुळे असेल, तर दोन्हीतलं काहीही करा, फरक पडणार नाही. आधी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घाला.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. एका फोटो स्टुडिओवाल्या काकांचं मशीन. आत दोन डिस्क, दोन्ही ५०० जीबीच्या. एकीवर विंडोज, दुसरीवर लग्नाचे फोटो. विंडोज कुठल्या डिस्कवर घालायचं हे सेटअप विचारतं, त्या पडद्यावर सी, डी ही अक्षरं दिसतच नाहीत. दिसतं ते ड्राइव्ह ०, ड्राइव्ह १ आणि आकार. दोन्हीपुढे ४६५.८ जीबी. मी गृहीत धरलं, शून्य म्हणजे विंडोज. केबल कुठल्या पोर्टला लावलीय त्यावर तो क्रमांक ठरतो, हे मला माहीत होतं, पण लग्नसराई होती, काका डोक्यावर उभे, "झालं का रे?" पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा कप्पा, उडवलं, नेक्स्ट दाबलं. चहा पिऊन येईपर्यंत विंडोज त्या फोटोंवर बसायला लागलेलं.

नुसतं पार्टिशन उडालं असतं आणि वर काही लिहिलं गेलं नसतं, तर टेस्टडिस्क या उडालेलं पार्टिशन परत आणणाऱ्या सॉफ्टवेअरने बहुतेक परत मिळालं असतं. इथे लिहिलं गेलं होतं. फोटोरेक हे हरवलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर लावून रात्रभर मशीन चालू ठेवलं. बरेच फोटो आले, पण ते सॉफ्टवेअर मूळ नावं आणि फोल्डर परत देत नाही. प्रत्येक फोटोचं नाव म्हणजे एफ आणि पुढे आकडे. तीन लग्नं एकत्र मिसळलेली. दोन दिवस मी आणि काका मांडवाचा रंग आणि नवरीच्या शालूवरून फोटो वेगळे करत बसलो. हळदीचे तर सगळे सारखेच दिसतात. काही शेवटपर्यंत मिळाले नाहीत. काका एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून क्लीन इन्स्टॉल करायच्या आधी मी डब्बा उघडतो आणि दुसऱ्या डिस्कची डेटा केबल काढून ठेवतो. लॅपटॉपला हे नेहमी जमत नाही, तिथे आधी विंडोजमधल्या डिस्क मॅनेजमेंटचा (कुठल्या डिस्कवर काय आहे ते दाखवणारा पडदा) फोटो मोबाइलमध्ये काढून घेतो. पाच मिनिटं जातात. जाऊ देत.

डीटीपीवाल्यांनो, तुमच्यासाठी वेगळं. जुने, युनिकोड नसलेले मराठी फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये असतात. क्लीन इन्स्टॉलनंतर पत्रिकेची फाइल उघडली की अक्षरांच्या जागी किडेमुंग्या दिसतात आणि मग मला फोन येतो. फॉन्ट फोल्डर आधी पेनड्राइव्हवर घ्या. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल तर लायसन्स आधी सरेंडर करा, म्हणजे या मशीनवरून सोडवून घ्या.

बाकीचं थोडक्यात. अपग्रेडसाठी पेनड्राइव्हवरून बूट करू नका, चालू विंडोजमध्ये बसून पेनड्राइव्हमधलं सेटअप चालवा. बूट केलंत तर अपग्रेडचा पर्याय मिळत नाही. "टीपीएम नाही" (टीपीएम म्हणजे अकराला लागणारी मशीनमधली सुरक्षेची सोय) असं आलं की लगेच नवीन मशीन घ्यायला पळू नका. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, बघा, इंटेलवर ते पीटीटी नावाने बंद पडलेलं असतं. आठव्या पिढीच्या आधीचा इंटेल प्रोसेसर मात्र, मोजके अपवाद सोडले तर, अधिकृत यादीत नाही. ती तपासणी चुकवायचे जुगाड यूट्यूबवर ढीगभर आहेत. घरच्या जुन्या मशीनवर खुशाल करा, ज्यावर पोट चालतं त्यावर नको. अपग्रेड आवडलं नाही तर मागे जायला १० दिवस मिळतात, तोवर "जागा भरली" म्हणून विंडोज.ओल्ड फोल्डर उडवू नका, जुनं विंडोज त्यातच असतं. बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला लागलेल्या विंडोजच्या कुलपाची, ४८ आकडी की कागदावर उतरवा, त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करून काय उपयोग?

आणि मला विचाराल तर क्लीन इन्स्टॉल जुन्या डिस्कवर करूच नका. नवी एसएसडी घ्या, तिच्यावर अकरा घाला, जुनी डिस्क तशीच काढून ठेवा. माझ्या ड्रॉवरमध्ये आत्ता अशा सहा आहेत, टेपवर गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख लिहून. महिनाभर ठेवतो. तिसऱ्या आठवड्यात कुणाचा ना कुणाचा फोन येतोच: "अहो, ती एक फाइल..."