कमरेखालची भूल: रुग्णाने आणि नातेवाइकांनी काय करायचे

सिझेरियन, हर्निया, मूळव्याध, प्रोस्टेट, खुब्याचे फ्रॅक्चर अशा ऑपरेशनांना बहुतेकदा पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. ही स्पायनल भूल. दात काढताना हिरडीत देतात ती स्थानिक भूल, नुसता हात सुन्न करायला मानेजवळ किंवा काखेत नसेभोवती औषध सोडतात तो ब्लॉक, आणि मेंदू-छातीच्या मोठ्या ऑपरेशनांना पूर्ण भूल. स्पायनलमध्ये रुग्ण जागा असतो, त्यामुळे नीट बसणे आणि वेळेवर सांगणे ही दोन कामे त्याचीच.

‘पूर्ण भूल नाही ना, मग घोटभर चहा चालेल’ हा समज काढून टाका. स्पायनल पुरी पडली नाही तर ऐनवेळी पूर्ण भूल द्यावी लागते, आणि पोटात अन्न असेल तर ते उलटून फुप्फुसात जाऊ शकते. हलके खाणे आणि दूध ६ तास आधी बंद, तळलेले किंवा मटणाचे जेवण ८ तास आधी, साधे पाणी मात्र २ तास आधीपर्यंत चालते. दुधाचा चहा हा दुधातच धरा. चुकून काही खाल्ले असेल तर लपवू नका. फार तर ऑपरेशन पुढे ढकलतील.

भूलतज्ज्ञांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची नावे सांगाच, शक्यतो पाकीटच दाखवा. वॉरफरिन साधारण ५ दिवस आणि क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस आधी थांबवतात, अ‍ॅस्पिरिन बहुधा चालू ठेवतात. गोळ्या थांबवण्याचे कारण असे की मणक्यांच्या आत रक्तस्राव होऊन गाठ झाली तर ती मज्जारज्जूवर दाबते आणि पाय कायमचे लुळे पडू शकतात. पण हृदयात स्टेंट असेल तर गोळी स्वतःच्या मनाने बंद करणेही तितकेच धोक्याचे, म्हणून हा निर्णय डॉक्टरांवर सोडा.

टेबलावर बसवतात तेव्हा बरेच जण पाठ ताठ ठेवून नुसते पुढे झुकतात. त्याने मणक्यांमधली फट उघडत नाही आणि सुई हाडाला अडते. उशी पोटाशी धरा, हनुवटी छातीला लावा, खांदे सैल सोडा आणि कंबर मागे बाहेर काढा, पाठीला बाक आला पाहिजे. दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांना जोडणारी रेघ कमरेतल्या चौथ्या मणक्याच्या आसपास येते, तिथे वर किंवा खाली सुई देतात. मोठ्या माणसात मज्जारज्जू त्याच्या बराच वर संपतो. सुई २५ किंवा २७ गेजची, म्हणजे अगदी बारीक असते. मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याचा स्वच्छ थेंब आला की साधारण २ ते ३ मिली ब्युपिव्हाकेन हे बधिर करणारे औषध सोडतात. पायात करंट गेल्यासारखे वाटले तर हलू नका, ‘उजव्या पायात’ की ‘डाव्या’ एवढे लगेच सांगा.

मग पाय आधी गरम, नंतर जड होतात. ५-१० मिनिटांत थंड स्पिरिटचा बोळा लावून बधिरता कुठवर आली ते पाहतात. सिझेरियनला ती स्तनाग्रांच्या पातळीपर्यंत लागते. थंडपणा कळेनासा झाला तरी स्पर्श, ओढ आणि दाब जाणवू शकतो, बाळ काढताना तर नक्कीच. त्याने घाबरू नका. दुखले तर मात्र सहन करत बसू नका, ताबडतोब बोला. मळमळले, गरगरले की तेही सांगा: बहुधा रक्तदाब उतरत असतो आणि सलाइन व औषधाने तो सावरता येतो. हातात अशक्तपणा आला किंवा आवाज बारीक झाला तर क्षणभरही थांबू नका.

वॉर्डात आल्यावर सुन्न पायांना गरम पाण्याची पिशवी लावू नका; भाजलेले कळत नाही आणि फोड येतात. पहिल्यांदा उठताना धरायला माणूस हवाच. लघवी तटली, इंजेक्शननंतर ४ तास उलटूनही पाय उचलता येईना, किंवा आलेली ताकद पुन्हा गेली, तर नर्सला तेव्हाच गाठा. सकाळच्या राउंडची वाट पाहू नका.

बसल्यावर ठणकणारी आणि आडवे होताच उतरणारी डोकेदुखी पहिल्या २-३ दिवसांत सुरू झाली, तर सुईच्या छिद्रातून मज्जारज्जूभोवतीचे पाणी झिरपत असते. २४ तास उशीशिवाय सपाट पडून राहिल्याने ती टळत नाही, म्हणून बाळंतिणीला विनाकारण जखडून ठेवू नका. भरपूर पाणी, पॅरासिटामॉल आणि चहा-कॉफी यांवर बहुतेकांचे भागते. बाळाला घ्यायलाही बसता येत नसेल तर भूलतज्ज्ञांना बोलवा. रुग्णाचेच साधारण २० मिली रक्त त्या जागी सोडून छिद्र बुजवता येते. डोकेदुखीबरोबर ताप येऊन मान आखडली तर तो वेगळाच आजार असू शकतो, तेव्हा घरी न थांबता हॉस्पिटल गाठा.