मित्सुमाताची साल शिजवताना
जपानी नोटांच्या कागदात जिची साल वापरतात, ती ही मित्सुमाता. या झुडपाची फांदी दर ठिकाणी तिहेरी फुटते. हिवाळा सरताना पानांआधीच पिवळी, सुवासिक फुलं येतात, म्हणून बागेतही लावतात. कागदासाठी तोडणी साधारण तिसऱ्या वर्षी.

फांद्या वाफवल्या की साल सरळ सोलून निघते. वरचा काळा पापुद्रा सुरीने नीट खरवडा, राहिला तर कागदावर ठिपके. १ किलो सुकी पांढरी साल रात्रभर भिजवून २०० ग्रॅम सोडा अ‍ॅशच्या (म्हणजे सोडियम कार्बोनेटच्या) पाण्यात २ तास उकळा. भांडं स्टीलचं घ्या; अ‍ॅल्युमिनियमला सोडा खातो. साल आडवी ताणून बघा, जाळीसारखी उलगडली की आच बंद. घाईसाठी कॉस्टिक सोडा अजिबात नको, तंतू कमजोर पडतात.