द हॉर्सेस माउथ कसा बघायचा

पहिली गोष्ट, एका म्हाताऱ्या पेंटरवरचा हा पिच्चर मोबाईलवर बघू नका प्लीज. १९५८ चा आहे पण रंगीत आहे, आणि त्यातली चित्रं म्हणजे जवळजवळ पात्रंच आहेत, छोट्या स्क्रीनवर ती नुसते रंगाचे डाग वाटतात. मी आधी बसमध्ये तसाच बघितला, म्हातारा भारी आहे एवढंच डोक्यात राहिलं. मग एकदा घरी टीव्हीवर लावला, लाईट बंद करून, आणि भिंतीवर रंगवलेले ते लाझरसचे (बायबलमधला, मरून परत जिवंत झालेला) प्रचंड पाय समोर आले तेव्हा अंगावर काटा आला.

लावायच्या आधी दहा मिनिटं काढून जॉन ब्रॅटबी या इंग्रज चित्रकाराची चित्रं शोधून बघा. सिनेमातल्या पेंटरची सगळी चित्रं खरं तर त्याने काढलीयेत. स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर कॉर्नफ्लेक्सचे खोके, बशा, आणि रंग इतका जाड की थापल्यासारखा. हे एकदा डोळ्यात बसलं की सिनेमातल्या भिंती वेगळ्याच दिसतात.

आता गोष्ट. गली जिमसन नावाचा पेंटर लंडनच्या जेलमधून सुटतो, थेम्स नदीवरच्या जुनाट बोटीत राहतो, खिशात दमडी नाही, फोनवर आवाज बदलून लोकांना छळतो, दुसऱ्याचं सामान गहाण टाकतो. सुरुवातीला त्याचा रागच येईल, येऊ दे, तो चांगला की वाईट हे लगेच ठरवायला जाऊ नका. त्याचा आवाज ऐका फक्त, घोगरा, घशात वाळू अडकल्यासारखा. हे काम करणारा अ‍ॅलेक गिनेस तेव्हा चाळिशीतला होता हे खरंच वाटत नाही! पटकथाही त्यानेच लिहिलीये, जॉइस कॅरीच्या १९४४ च्या कादंबरीवरून (जॉइस म्हणजे पुरुष बरं का), त्या पटकथेला ऑस्करचं नॉमिनेशन होतं आणि अभिनयासाठी गिनेसला व्हेनिसच्या फिल्म फेस्टिव्हलमध्ये बक्षीस मिळालं. दिग्दर्शक रोनाल्ड नीम. कादंबरी नंतर वाचा, तिचा शेवट वेगळा आहे.

मग त्याच्या डोळ्यांकडे लक्ष ठेवा, माझ्या मते सगळा सिनेमा तिथेच आहे. बीडर नावाच्या श्रीमंत नवराबायकोच्या फ्लॅटमध्ये त्याला एक मोकळी भिंत दिसते आणि त्या क्षणापासून बाकीची माणसं त्याच्यासाठी खोलीत नसल्यासारखीच होतात. ते दोघं बाहेरगावी गेले की हा आत घुसून कामाला लागतो, त्यात भर म्हणून एक शिल्पकार त्याच घरात भलामोठा दगड घेऊन येतो आणि तो दगड जमीन फोडून थेट खालच्या मजल्यावर. इथे पोट धरून हसा, पण नंतर त्या शिल्पकाराकडेही नीट बघा, त्यालाही जिमसनचाच आजार आहे, समोरचा दगड सोडून त्याला दुसरं काही दिसतच नाही.

चित्र पूर्ण होतं तिथे मात्र पॉज करायची तयारी ठेवा. एवढं सगळं करून तो मागे सरकून भिंतीकडे बघतो आणि त्याला कळतं की डोक्यात होतं ते हे नाहीये. कुणावर चिडत नाही, रडत नाही. ज्याने कधी काही मनापासून बनवलंय, गाणं असो नाहीतर साधी रांगोळी, त्याला तो चेहरा ओळखू येईल. मी तो सीन तीनदा मागे नेऊन बघितला.

शेवटची भिंत एका पाडायला काढलेल्या चॅपलची (छोट्या चर्चची) आहे, त्यावर तो आख्खा 'शेवटचा न्याय' (ख्रिस्ती धर्मात जगाच्या अंती देव सगळ्यांचा निवाडा करतो तो प्रसंग) रंगवायला घेतो, मदतीला तरुण पोरापोरींची फौज. पुढे काय होतं ते सांगणार नाही, तेवढा वेळ फोन सायलेंटवर टाका. आवाज मात्र मोठा ठेवा, कारण पार्श्वसंगीत प्रोकोफिएव्ह या रशियन संगीतकाराच्या 'लेफ्टनंट कीजे' या रचनेवरून घेतलंय आणि ती खट्याळ धून अख्ख्या सिनेमाला पळवत नेते.

दुसऱ्यांदा बघाल तेव्हा जिमसनला सोडून कोकरकडे बघा, के वॉल्शने केलीये. पबमध्ये काम करणारी बाई, तिचे पैसे याने बुडवलेत, ती त्याच्यावर सतत खेकसते, आणि तरी त्याच्यासाठी धावपळ करणाऱ्यांत तीच पुढे असते.