टर्बोचा पाइप सारखा निसटायचा, त्याची गोष्ट

चोर्ला घाट चढताना डिझेल गाडीने दमच सोडला. फुस्स आवाज, मागे काळा धूर. टर्बो इंजिनात दाबाने हवा भरतो; ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडचा पाइप कपलरमधून (दोन पाइप जोडणाऱ्या रबरी नळीतून) निसटला होता. साखळी गावात क्लिप आवळून घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

म्हापशाला घरी उघडलं तर आत तेलाचा पातळ थर. टर्बोतून थोडं तेल येतंच, पण त्यावर रबर घसरतं. ब्रेक क्लीनरने पाइपची तोंडं कोरडी केली. साधं सिलिकॉन तेलाने फुगतं, म्हणून आतून फ्लोरोसिलिकॉनचं अस्तर असलेला कपलर घेतला, सोबत टी-बोल्ट क्लॅम्प, म्हणजे बोल्टने आवळायचा धातूचा पट्टा. क्लॅम्प पाइपच्या टोकाच्या उंचवट्यामागे बसायला हवा. मी आधी नेमका उंचवट्यावरच आवळला होता! इंजिन हलतं, म्हणून दोन पाइपांत थोडी फटही ठेवली.

परवा बेळगावला जाऊन आलो. पाइप जागच्या जागी.