साइट हलवायची आहे? आधी डोमेन कोणाच्या हातात आहे ते बघा

होस्टिंगचे, म्हणजे साइट ठेवायच्या सर्व्हरच्या जागेचे, दर नंतर बघा. आधी डोमेन, म्हणजे साइटचं नाव, कोणाच्या नावावर आहे ते तपासा: संस्थेच्या, की साइट करून देणाऱ्याच्या? रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे, कोणता ईमेल नोंदवलाय? तो त्याच डोमेनवरचा असेल तर आजच बदला. डोमेनची मुदत संपली की त्यावरचा ईमेलही बंद पडतो आणि रजिस्ट्रारचं पत्र तुमच्यापर्यंत पोचतच नाही. आमच्या वाचनालयाचं डोमेन मागच्या वेळी असंच अडकलं. ऑटो-रिन्यू, म्हणजे कार्डावरून आपोआप नूतनीकरण, चालू होतं, म्हणून कोणी पाहिलंच नाही.

ऑटो-रिन्यूवर विसंबू नका. रिझर्व्ह बँकेचे आवर्ती पेमेंटचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहेत. बँकेत रीतसर ई-मँडेट (ठरावीक वसुलीला आधीच दिलेली संमती) नोंदवलेलं नसेल तर परदेशी कंपनीची वसुली कार्डावरून नाकारली जाते. म्हणून मुदतीची तारीख संस्थेतल्या दोघांच्या कॅलेंडरवर टाका, जमल्यास काही वर्षांचे पैसे एकदम भरा आणि भरल्यावर नवी तारीख डोळ्यांनी बघा. डॉट कॉमची मुदत टळली तर काही दिवस साध्या दरात रिन्यू होतं, पण किती दिवस ते रजिस्ट्रारच्या मर्जीवर. पुढचे ३० दिवस रिडेम्प्शनचे, म्हणजे नाव सोडवून घेण्याचे, त्यात जबर दंड. त्यानंतर ५ दिवसांत नाव कोणालाही घ्यायला मोकळं होतं. आणखी एक: नोंदणीतलं नाव किंवा ईमेल बदलला की ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे ट्रान्सफर अडू शकतं, तेव्हा हे काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

आता होस्टिंग. चार पानांची वर्डप्रेस साइट असेल तर शेअर्ड, म्हणजे अनेकांच्या साइट एकाच सर्व्हरवर असलेलं, होस्टिंग पुरे. व्हीपीएस, म्हणजे आपणच सांभाळायचा स्वतंत्र आभासी सर्व्हर, तेव्हाच घ्या, जेव्हा दर आठवड्याला सर्व्हरकडे बघणारं माणूस ठरलेलं असेल. ‘कोणीतरी बघेल’ म्हणजे कोणीच बघत नाही. पहिल्या वर्षाचा दर बघू नका, रिन्यूअलचा बघा, त्यावर जीएसटी धरा. ‘अनलिमिटेड’ लिहिलं असेल तर फाइलींच्या संख्येची मर्यादा विचारा, ती बहुधा असतेच. वाचक इथले असतील तर सर्व्हर मुंबईत किंवा बंगळुरूत घ्या. आणि होस्टिंगसोबत डोमेन फुकट मिळतंय म्हणून घेऊ नका. दोन्ही एकाच खात्यात असली की एका वादात दोन्ही अडकतात.

बॅकअप त्याच कंपनीकडे ठेवून निश्चिंत होऊ नका. १० मार्च २०२१ ला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथल्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांचे बॅकअपही तिथेच होते त्यांचं दोन्ही गेलं. एक प्रत बाहेर ठेवा आणि ती उघडून साइट खरोखर उभी राहते का, हे एकदा करून बघा.

व्हीपीएसवर ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून उबुंटू २४.०४ चालेल. सेंटओएस ७ देत असतील तर नको, त्याचे अपडेट ३० जून २०२४ ला थांबले. एसएसएचला (सर्व्हरमध्ये दुरून शिरायची वाट) पासवर्डऐवजी ‘की’, म्हणजे किल्लीची फाइल, लावा, पासवर्डचं आणि रूटचं (सर्वाधिकार असलेल्या खात्याचं) लॉगिन बंद करा; पण दुसऱ्या खिडकीतून आत जाता येतंय याची खात्री होईपर्यंत पहिली बंद करू नका. फायरवॉल सुरू करण्याआधी एसएसएचला परवानगी द्या, नाहीतर स्वतःच बाहेर राहाल. सुरक्षेचे अपडेट आपोआप होऊ द्या.

हलवण्याच्या आदल्या दिवशी डीएनएसचा (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे जातं याच्या नोंदी) टीटीएल, म्हणजे जुनी नोंद इतरांकडे टिकण्याचा वेळ, ३०० सेकंदांवर आणा. नेमसर्व्हर (या नोंदी ठेवणारा सर्व्हर) बदलणार असाल तर मेलसाठी लागणाऱ्या एमएक्स आणि टीएक्सटी नोंदी आधी उतरवून घ्या आणि नव्या जागी भरा, नाहीतर साइट दिसेल पण मेल येणार नाही. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट सर्टिफिकेट (ज्यावर साइटचं https चालतं) फार तर ९० दिवसांचं असतं आणि जून २०२५ पासून ही संस्था मुदतीच्या आठवणीचे ईमेलही पाठवत नाही, तेव्हा सर्टबॉट या ते नवं करणाऱ्या प्रोग्रामचं रिन्यूअल ड्राय-रन, म्हणजे नुसती चाचणी, करून बघा. या सगळ्या गडबडीत रजिस्ट्रारचं लॉगिन पुन्हा एकदा करा: ईमेल या डोमेनबाहेरचा आहे ना, तारीख पुढची दिसते ना, पासवर्ड दोघांकडे आहे ना?

साइट हलवल्यावर सर्व्हरची डिस्क भरतेय का ते बघा. साइट बंद पडली तर कळवणारी सोय लावा. जुनं होस्टिंग आठवडाभर तरी चालू ठेवा, शेवटचा बॅकअप उतरवा, मग बंद करा.