शनिवारी प्राग, सोमवारी लेक्चर: जर्मनीतून वीकेंड ट्रिपला निघताना या चुका टाळा

जर्मनीत येऊन तीन-चार महिने होतात, थंडी अंगवळणी पडते, पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षा कशाबशा निघतात. मग एका रात्री स्वयंपाकघरात भांडी घासता घासता कोणीतरी म्हणतं, "अगं, प्राग इथून अडीच तासांवर आहे!" अर्ध्या तासात तिकिटं निघतात. माझी पहिली ट्रिप अशीच ठरली. ड्रेस्डेनहून प्राग, शनिवारी सकाळी निघून रविवारी संध्याकाळी परत, सोबत माझी फ्लॅटमेट.

सगळं मी ठरवलं. तिकिटं माझ्या फोनवर, हॉस्टेल माझ्या कार्डावर, नकाशा माझ्या डोक्यात. ती नुसती सोबत आली. परतताना सीमेजवळच्या बाड शांडाऊ स्टेशनला पोलीस डब्यात चढले. तिने पासपोर्ट काढून दिला, त्यांनी पुढचा कागद मागितला, आणि तेव्हा कळलं की तिचं रेसिडेन्स परमिटचं कार्ड ड्रेस्डेनच्या खोलीत टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे. पासपोर्टातला व्हिसा केव्हाच संपलेला. आम्हाला खाली उतरवलं, काँप्युटरवर तिचं नाव शोधलं आणि तासाभराने पुढच्या गाडीत बसू दिलं. पोलीस नीट वागले, बोलणी खाल्ली ती तिची. "तू फक्त पासपोर्ट घे म्हणालीस!" खरंच, मी तेवढंच म्हणाले होते.

त्यानंतर पाच-सहा ट्रिपा झाल्या. वीकेंडचे बहुतेक घोळ मला याच एका जागी येऊन सापडतात: एकीला सगळं माहीत असतं, दुसरीला काहीच नसतं. खालच्या चुका वाचताना हे डोक्यात ठेवा, आणि जमल्यास हे सोबत येणाऱ्यालाही वाचायला द्या.

परमिट घरी, फोटो फोनमध्ये

रेसिडेन्स परमिट असलं की शेंगेनमधल्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपियन देशांच्या गटातल्या) इतर देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत वेगळा व्हिसा न काढता फिरता येतं. त्यासाठी पासपोर्ट आणि परमिटचं कार्ड, दोन्ही जवळ हवेत, तेही मूळ. फोटो, झेरॉक्स, युनिव्हर्सिटीचं ओळखपत्र यातलं काही त्यांच्या जागी चालत नाही. "शेंगेनमध्ये कोण तपासतंय?" हे सीनियर मंडळींचं वाक्य जुनं झालं. १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तात्पुरती तपासणी सुरू केली आणि तिची मुदत पुढे वाढवत नेली. प्रत्येक वेळी कोणी तपासेलच असं नाही, पण बस किंवा ट्रेनमध्ये पोलीस चढणं आता नवलाचं राहिलेलं नाही.

दुसरी चूक म्हणजे शेंगेन आणि युरोपियन युनियन एकच समजणं. शेंगेनमध्ये २९ देश आहेत. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युनियनमध्ये नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड आणि सायप्रस युनियनमध्ये आहेत, शेंगेनमध्ये नाहीत. ब्रिटन दोन्हींत नाही. म्हणजे डब्लिनचं तिकीट कितीही स्वस्त दिसलं तरी भारतीय पासपोर्टला तिकडचा वेगळा व्हिसा लागतो. उलटही तेच: लंडनला शिकणाऱ्या मित्राला "चल, शनिवारी पॅरिसला भेटू" म्हणण्याआधी विचारा, कारण त्याला शेंगेन व्हिसा काढावा लागेल आणि तो दोन दिवसांत हातात पडत नाही.

परमिट नूतनीकरणाला दिलंय आणि हातात फक्त फिक्शन्सबेशाइनिगुंगचा, म्हणजे नवं कार्ड येईपर्यंतचा तात्पुरता कागद आहे? मग तिकीट काढण्याआधी आउसलेंडरबेहोर्डेला (परमिट देणाऱ्या परदेशी नागरिक कार्यालयाला) मेल टाका. त्या कागदाचे प्रकार असतात, आणि त्यावर कुठल्या चौकोनात खूण केली आहे यावर तुम्हाला बाहेर जाऊन परत येता येईल की नाही हे ठरतं. जर्मन वाचता येत नसेल तर कोणाकडून तरी नीट वाचून घ्या. इथे अंदाज चालत नाही.

शहराच्या नावाचा, पण शहरात नसलेला विमानतळ

स्वस्त विमानाचं तिकीट दिसलं की आधी विमानतळाचं पूर्ण नाव वाचा. पॅरिस-बोव्हे हे पॅरिसपासून ८० किलोमीटरहून दूर आहे. फ्रँकफर्ट-हान तर फ्रँकफर्टपासून १०० किलोमीटरच्याही पलीकडे. मिलानसाठी बर्गामो, बार्सिलोनासाठी जिरोना, म्युनिकसाठी मेमिंगन, सगळी हीच गंमत. विमान तासाभराचं, पण शटल बस, तिची रांग, तिचं वेगळं भाडं धरलं की शनिवारची अर्धी सकाळ गेली. वीकेंड तासांत मोजायची सवय लावा. झोप वजा केली तर हातात वीस-बावीस तास उरतात, त्यातले सहा शटलमध्ये घालवायचे का हे तिकीट काढतानाच ठरवा.

आणखी एक गोष्ट आपल्याला हमखास नडते. युरोपबाहेरचा पासपोर्ट असेल तर काही विमान कंपन्या सुरक्षा तपासणीच्या आधी काउंटरवर कागद दाखवून घ्यायला लावतात. ऑनलाइन चेक-इन झालंय, बॅग पाठीवर आहे, म्हणून आपण थेट गेटवर जातो आणि तिथून परत पाठवले जातो. सोबतचा मित्र युरोपियन असेल तर त्याला या नियमाची कल्पनाच नसते, म्हणून तो "मी तर कधीच दाखवत नाही" असं अगदी प्रामाणिकपणे सांगतो. बोर्डिंग पासच्या मेलमधल्या सूचना स्वतः वाचा.

बॅगेबद्दल थोडक्यात: बऱ्याच स्वस्त कंपन्या ४० × ३० × २० सेंटीमीटरची एकच छोटी बॅग फुकट नेऊ देतात. घरी टेपने मोजा. गेटवर भरावे लागणारे पैसे कधीकधी तिकिटाहून जास्त असतात.

ट्रेनने जात असाल तर डॉइचलांडटिकेट या महिन्याच्या पासवर फार विसंबू नका. ते जर्मनीतल्या लोकल आणि रिजनल गाड्यांपुरतं आहे, आयसीईसारख्या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत चालत नाही. सीमेपलीकडे साल्झबुर्गसारखी मोजकी स्टेशनं त्यात बसतात, बाकी ठिकाणी सीमेपासून पुढचं तिकीट वेगळं काढावं लागतं. आणि बस एका कंपनीची, पुढची ट्रेन दुसऱ्या तिकिटावर, मध्ये वीस मिनिटं, असं गणित मांडू नका. पहिली गाडी उशिरा आली आणि दुसरी सुटली तर दोन वेगळ्या तिकिटांची जबाबदारी सहसा कोणी घेत नाही.

मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात, हेही बघून ठेवा. मार्चमध्ये एक तास चोरीला जातो. फोन आपोआप बदलतो, हॉस्टेलच्या भिंतीवरचं घड्याळ नाही.

"युरोत पैसे कापू का?"

प्रागमध्ये कोरुना, बुडापेस्टमध्ये फोरिंट, क्राकोमध्ये झ्लोटी. एटीएम किंवा दुकानातलं मशीन विचारतं, रक्कम युरोत घ्यायची की स्थानिक चलनात? युरो ओळखीचे, म्हणून बोट तिकडेच जातं. ते दाबू नका. युरो निवडले की दर त्या मशीनवाल्याचा लागतो आणि तो जवळजवळ नेहमीच वाईट असतो. स्थानिक चलन निवडलं की दर तुमच्या कार्डाचा लागतो. मशीन "कन्व्हर्जन नाकारायचं का?" असं घाबरवणारं काहीतरी विचारतं. बिनधास्त नाकारा.

प्रागच्या जुन्या चौकाजवळ रोख बदललीच आणि नंतर दर बघून पोटात गोळा आला, तर पावती जपून ठेवा. १ एप्रिल २०१९ पासून चेक कायद्याने १००० युरोपर्यंतचा असा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. त्याच खिडकीवर जायचं, पावती द्यायची, पैसे परत मागायचे.

तिकडच्या मेट्रोला अडवणारी फाटकं नाहीत, त्यामुळे कागदी तिकीट विकत घेतलं की झालं असं वाटतं. नाही. पहिल्या प्रवासाआधी ते पिवळ्या मशीनमध्ये घालून शिक्का मारायचा असतो, त्या वेळेपासून त्याची मिनिटं मोजली जातात. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे तपासनीसाच्या लेखी तिकीटच नाही. आणि दोघींची दोन्ही तिकिटं एकीच्या पाकिटात ठेवून वेगवेगळ्या डब्यांत चढू नका. आम्ही चढलो होतो.

रविवारी बंद, सोमवारी बंद, मंगळवारी बंद

पॅरिसचं लूव्र म्युझियम मंगळवारी बंद असतं, ओर्से म्युझियम सोमवारी. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी काढलीत तर नेमका तो दिवस हातून जातो. ॲमस्टरडॅममध्ये व्हॅन गॉग म्युझियम आणि ॲन फ्रँकच्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात. ॲन फ्रँकच्या घराची तिकिटं दर मंगळवारी, सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी खुली होतात. गुरुवारी ट्रिप ठरवून शनिवारी तिकीट मिळेल ही आशा सोडा. दारात उभं राहून फोटो काढलेले कितीतरी जण मला माहीत आहेत.

आणि पैसे भरण्याआधी हे वाचा: तुम्ही २६ वर्षांखालचे असाल आणि युरोपियन युनियनमधल्या देशात राहत असाल, तर लूव्र आणि ओर्सेमध्ये प्रवेश फुकट आहे. पासपोर्ट भारतीय आहे म्हणून अडत नाही, तुम्ही राहता कुठे ते बघतात. पुरावा म्हणून पुन्हा तेच ड्रॉवरमधलं कार्ड.

जर्मनीसारखीच ऑस्ट्रियातही रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. व्हिएन्नात रविवारी सकाळी पाण्याची बाटली आणि ब्रेड घ्यायचा असेल तर मोठं रेल्वे स्टेशन गाठा.

मैत्री

ट्रिपचा खरा विचका इथे होतो. मला पहाटे सहाला, गर्दी व्हायच्या आत, प्रागच्या चार्ल्स ब्रिजवर उभं राहायचं होतं. तिला आठवडाभराची झोप भरून काढायची होती. दोघींनीही आधी हे बोलून दाखवलं नव्हतं. मी तिला उठवलं, ती आली, आणि पुलावरच्या माझ्या एकाही फोटोत ती हसत नाहीये.

निघण्याआधी तीन गोष्टी उघड बोला. किती वाजता उठायचं, किती खर्च करायचा, आणि कुठली एक गोष्ट केल्याशिवाय परतायचं नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकीने एकच द्यायचं. दोन दिवसांत दोन गोष्टी झाल्या की पुष्कळ झालं, बाकी सगळा बोनस.

पैशांचं बोलणं आपल्याकडे अवघड जातं, विशेषतः जिवलग मैत्रिणीशी. पण एकीचं सगळं बजेट ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून) महिन्याला सुटणारे ९९२ युरो आणि दुसरीला वेर्कश्टुडंटचा, म्हणजे शिकता शिकता केलेल्या नोकरीचा पगार, तर "बघू गं नंतर" म्हणून भागत नाही. हिशेब ॲपमध्ये त्याच वेळी टाका, परत आल्यावर नाही. आणि कमी पैसेवालीने हॉटेल निवडावं, जास्तवालीने नव्हे. हा माझा नियम आहे, आणि तो मी जास्तवाली झाल्यावरही पाळते. खाण्याचंही तसंच. एक शाकाहारी, एक सगळं खाणारी, दोघी भुकेने कावलेल्या आणि रात्रीचे साडेनऊ, या अवस्थेत हॉटेल शोधायला निघालात की भांडण ठरलेलं. जेवणाच्या दोन जागा दुपारीच हेरून ठेवा.

दुपारचे दोन-तीन तास वेगवेगळं फिरायलाही हरकत नाही. एकत्र आलोय म्हणून प्रत्येक पाऊल एकत्र टाकायला हवं असं कुठे आहे? मात्र भेटायची जागा आणि वेळ कागदावर लिहून घ्या. फोनवर विसंबू नका, दिवसभर नकाशा आणि फोटो काढून तो चारच्या सुमारास मान टाकतो. युरोपियन युनियनमध्ये १५ जून २०१७ पासून रोमिंगचे जादा पैसे लागत नाहीत, पण स्वित्झर्लंड त्यात नाही. झुरिकला पोहोचून नेहमीसारखा डेटा चालू ठेवला तर महिन्याच्या बिलात झुरिक दिसेल.

घोळ झालाच तर

ट्रेन उशिरा पोहोचली तर एका तासाच्या उशिराला तिकिटाच्या २५ टक्के, दोन तासांना ५० टक्के परत मागता येतात. १५०० किलोमीटरपर्यंतचं विमान तीन तास किंवा जास्त उशिरा पोहोचलं आणि दोष कंपनीचा असेल, तर माणशी २५० युरो मागता येतात. खराब हवामान असेल तर नाही. तिकीट आणि कंपनीचे मेसेज डिलीट करू नका. दोघींनी आपापला दावा आपल्या नावाने करायचा.

आजारी पडलात तर जर्मन सरकारी विम्याच्या कार्डाची मागची बाजू हीच युरोपियन आरोग्य कार्ड असते, ती दाखवा. मात्र युरोपबाहेरच्या नागरिकांना ते काही देशांत, उदाहरणार्थ डेन्मार्क आणि स्वित्झर्लंडमध्ये, चालत नाही. तिकडे जाताना वेगळा प्रवास विमा घ्या. अगदी तातडीला ११२, सगळीकडे एकच नंबर.

पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या. मग ज्या देशात आहात तिथल्या भारतीय दूतावासाची वेबसाइट उघडा, तातडीचा नंबर बहुधा तिथे असतो. शनिवारी-रविवारी कार्यालय बंद असल्याने सोमवार तिकडेच उजाडू शकतो, हे प्राध्यापकांना वेळीच कळवा. अशा वेळी पासपोर्ट आणि परमिटच्या प्रती जवळ असल्या की ओळख पटवणं सोपं जातं. आम्ही त्या अदलाबदल करून ठेवतो. तिच्या माझ्या पिशवीत, माझ्या तिच्या.