सॉफ्टवेअर बनवताय किंवा बनवून घेताय? मालकीच्या या चुका टाळा

आज जळगाव एमआयडीसीतल्या चटई कारखान्यापासून रावेरच्या केळी व्यापाऱ्यापर्यंत प्रत्येकाकडे स्वतःसाठी बनवून घेतलेलं काही ना काही सॉफ्टवेअर असतं. बनवणारी पोरंही इथलीच. भुसावळ, धुळे, शिरपूरच्या कॉलेजांतून बाहेर पडलेली, हुशार आणि रात्ररात्र जागून काम करणारी. मी वकील आहे आणि या दोन्ही बाजूंची भांडणं माझ्या टेबलावर येतात. माणसं दर वेळी नवी, चुका मात्र त्याच. यातली निम्मी भांडणं काम सुरू करण्याआधी दोन पानं लिहिली असती तर झालीच नसती. ते बघून जीव तुटतो, म्हणून हे लिहितोय.

‘पैसे दिले म्हणजे सॉफ्टवेअर माझं’

सगळ्यात महागात पडणारी चूक ही.

अमळनेर भागातले एक डाळमिलवाले काका तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे आले. टेबलावर त्यांनी एक प्लास्टिकची पिशवी ठेवली. पिशवीत एक पेनड्राइव्ह आणि रबरबँडने त्याला गुंडाळलेलं एक बिल. बिलावर एकच ओळ : ‘सॉफ्टवेअर, नग १, रु. १,८०,०००.’ दुसरा कागद नाही.

काकांनी ओळखीतल्या एका पोराकडून मिलसाठी सॉफ्टवेअर बनवून घेतलं होतं. तुरीची आवक, तोलाई, हमाली, वटाव, किती तुरीत किती डाळ निघाली तो उतारा, चुनी आणि टरफलाचा हिशेब, सगळं त्यात. सॉफ्टवेअर उत्तम चाललं. दीड वर्षाने त्यांना कळलं की त्याच पोराने नाव बदलून तेच सॉफ्टवेअर शेजारच्या तालुक्यातल्या दुसऱ्या मिलला विकलं. काका थरथरत होते. म्हणाले, “वकीलसाहेब, पैसा मना, मंग सॉफ्टवेअर कोनं?”

मला त्यांना सांगावं लागलं की काका, सॉफ्टवेअर त्या पोराचंच आहे.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम हा साहित्यकृतीत मोडतो. कलम १७ प्रमाणे कृतीचा पहिला मालक तिचा लेखक. तुमच्या पगारावरच्या नोकराने नोकरीचं काम म्हणून प्रोग्राम लिहिला आणि वेगळा करार नसेल, तर मालक तुम्ही. बाहेरच्या माणसाला ठेका देऊन लिहून घेतला, तर मालक तो. पैसे पूर्ण दिले असले तरी तोच. तुम्हाला मिळतो तो वापरण्याचा हक्क. पैसे देऊन काढून घेतलेला फोटो किंवा पोर्ट्रेट काढून घेणाऱ्याचं होतं, अशी सोय त्याच कलमात आहे, म्हणून लोकांचा गोंधळ होतो. प्रोग्रामला ती सोय नाही. मालकी हवी असेल तर कलम १९ प्रमाणे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागतं. तोंडी शब्द चालत नाही, आणि ‘नग १’ लिहिलेलं बिल म्हणजे हस्तांतर नव्हे.

काकांचा पुढचा मुद्दा ठरलेला होता : “कल्पना तर माझी होती ना? उतारा कसा काढायचा ते मीच शिकवलं त्याला.” खरं होतं ते. पण कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती मांडण्याच्या पद्धतीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केलंय. धंद्यातल्या गुपितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. तिथे आधार असतो तो मुख्यतः गोपनीयतेच्या कराराचा, आणि इथे तो करारच नव्हता.

शेवटी दोघांना माझ्या ऑफिसात समोरासमोर बसवलं. तीन बैठका झाल्या. पोरगा वाईट नव्हता; त्याला खरोखर वाटत होतं की आपण लिहिलेलं आपण कुणालाही विकू शकतो, आणि कायद्याने त्याचं बरोबरच होतं. काकांनी आणखी साठ हजार मोजले, उताऱ्याचा आणि चुनीचा भाग लेखी स्वतःच्या नावावर करून घेतला. बिलिंगचा सर्वसाधारण भाग पोराकडे राहिला. जे काम पहिल्या दिवशी चहा पिता पिता झालं असतं, त्याला सात महिने आणि एक जुनी ओळख खर्ची पडली.

अर्धवट कागदही तितकाच घातक. ‘सर्व हक्क दिले’ एवढंच लिहिलेले करार मी पाहतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ते हस्तांतर पाच वर्षांचं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं. आणि हक्क मिळूनही वर्षभर वापरले नाहीत, तर करारात वेगळं लिहिलेलं नसल्यास तेही संपतात. एका क्लासवाल्याचं शिकवणीचं अ‍ॅप यातच अडकलं. पाच वर्षांनी डेव्हलपर दारात उभा राहिला, आणि त्याची मागणी रास्त होती.

माझी सवय सांगतो. करार मराठीत, दोन पानी, दोघांना वाचून दाखवलेला. कोणता कोड कुणाचा, मुदत ‘कॉपीराइटच्या संपूर्ण कालावधीसाठी’, प्रदेश ‘संपूर्ण जग’, वर्षभराच्या वापराची अट लागू नाही, गुपित काय आणि ते किती काळ. शेवटचा हप्ता मी सही झाल्यावर आणि सोर्स कोड (प्रोग्रामच्या मूळ लिहिलेल्या ओळी) हातात आल्यावरच द्यायला लावतो. डेव्हलपर पोरांनाही बजावतो : जे कोड तुम्ही दहा कामांत वापरणार, त्याची यादी करून ते स्वतःकडे राखून ठेवा, ग्राहकाला फक्त वापरायचा परवाना द्या. घाईत सगळंच लिहून दिलंत तर पुढच्या कामात स्वतःचाच कोड वापरता येणार नाही.

इंटरनेटवरून करार उतरवू नका. पाचोऱ्याचा दुकानदार आणि चाळीसगावचा डेव्हलपर, आणि करारात ‘डेलावेअर राज्याचा कायदा लागू राहील’ असं, म्हणजे चक्क अमेरिकेतल्या एका राज्याचं नाव, लिहिलेलं मी स्वतः वाचलंय. दोघांनीही तो कागद न वाचता सही केली होती.

आधी प्रदर्शन, मग पेटंट

धुळ्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातली दोन पोरं आली तो दिवस मी विसरत नाही. त्यांनी ठिबकसाठी एक यंत्र बनवलं होतं. लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, कुठे चोकअप झाली ते दाबाच्या फरकावरून ओळखायचं, तो व्हॉल्व्ह बंद करायचा आणि शेतकऱ्याला मेसेज पाठवायचा. केळीच्या बागेत चालवून पाहिलेलं, खरोखर उपयोगी. ते कृषी प्रदर्शनात मांडलं, सर्किटसकट पत्रक वाटलं, व्हिडिओ टाकला. आठ महिन्यांनी माझ्याकडे आली : “सर, पेटंट करायचंय.”

पेटंटला शोध नवा लागतो. अर्जाआधी तुम्ही स्वतःच जगाला दाखवलात, तरी तो नवा राहत नाही. प्रदर्शनासाठी कायद्यात बारा महिन्यांची सवलत आहे, पण केंद्र सरकारने राजपत्रात तसं जाहीर केलेल्या प्रदर्शनापुरती. गावोगावची कृषी प्रदर्शनं त्यात बसत नाहीत, आणि व्हिडिओ तर नाहीच नाही. सुदैवाने दाब जुळवण्याची एक सुधारणा त्यांनी नंतर केली होती आणि ती कुठे दाखवली नव्हती. अर्ज तेवढ्याचाच झाला. मूळ कल्पना सगळ्या जगाची झाली.

तात्पुरता तपशील देऊन आधी अर्ज करता येतो. ऑनलाइन भरला तर व्यक्तीसाठी अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे, आणि पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. एवढ्यात तुमची अर्जाची तारीख राखली जाते. स्टॉलच्या भाड्यालाही याहून जास्त पैसे जातात. प्राध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे : पोरांना स्पर्धेत उतरवण्याआधी हा एक अर्ज भरायला लावा. बक्षीस पुढच्या वर्षीही मिळेल.

नुसत्या अ‍ॅपचं पेटंट मागायला येणारेही पुष्कळ. पेटंट कायद्याच्या कलम ३(के) प्रमाणे निव्वळ संगणक प्रोग्राम, अल्गोरिदम, गणिती किंवा व्यवसायाची पद्धत यांना पेटंट नाही. कोडला संरक्षण कॉपीराइटचं, आणि ते कोड लिहिता क्षणी मिळतं; नोंदणी पुराव्यापुरती उपयोगी.

नावाची गडबड

‘नावाचं पेटंट’ असं काही नसतं. नावासाठी ट्रेडमार्क. व्यक्तीने किंवा लहान उद्योगाने ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाला ४,५०० रुपये, नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण.

सायबर कॅफेतून अर्ज करून विसरून जाऊ नका. अर्जावर त्या कॅफेवाल्याचा ईमेल असतो, ट्रेडमार्क कार्यालयाचा हरकतीचा अहवाल त्याच्याकडे पडून राहतो आणि उत्तराचा एक महिना निघून जातो. कुणी विरोध दाखल केला तर प्रतिनिवेदनाला, म्हणजे त्या विरोधाच्या लेखी उत्तराला, दोन महिने. ते चुकले की अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. ईमेल स्वतःचाच द्या.

‘जळगाव केळी’ हे नाव अ‍ॅपला देऊन ट्रेडमार्क मागू नका. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, भरताच्या वांग्यालाही. ती नावं सगळ्या उत्पादकांची आहेत.

नोंदणी व्हायच्या आधी नावापुढे वर्तुळातला आर लावू नका. त्याला दंड आहे.

डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, डेव्हलपरच्या मावसभावाच्या नावावर ठेवू नका. आजच उघडून बघा कुणाच्या नावावर आहे.

फुकटचं आणि क्रॅक केलेलं

क्रॅक केलेलं, म्हणजे कुलूप तोडून फुकट केलेलं, सॉफ्टवेअर ऑफिसात जाणूनबुजून वापरणं हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-बी खाली गुन्हा आहे : सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. ‘सगळेच वापरतात’ हे उत्तर कोर्टात चालत नाही.

ओपन सोर्स, म्हणजे लेखकाने सगळ्यांना खुला केलेला कोड, हा बेवारस माल नव्हे. तो परवान्याच्या अटींवर मिळतो. एमआयटी नावाच्या परवान्यात मूळ लेखकाची सूचना ठेवावी लागते. जीपीएल या दुसऱ्या परवान्याचा कोड आपल्या प्रोग्राममध्ये मिसळून तो वाटलात, तर आपलाही सोर्स त्याच अटींवर द्यावा लागतो. नावं खोडून ग्राहकाला ‘सगळं आम्ही लिहिलं’ सांगणारी पोरं मला भेटतात तेव्हा फार वाईट वाटतं. ज्याने रात्री जागून ते फुकट दिलं, त्याने मागितली ती फक्त एक ओळ. अमेरिकेत २००८ मध्ये जेकबसन विरुद्ध कॅटझर या खटल्यात अपील न्यायालयाने सांगितलं की अशा अटी मोडणं हे कॉपीराइटचं उल्लंघन ठरू शकतं. तो वाद होता खेळण्यातल्या रेल्वेच्या सॉफ्टवेअरचा.

नोटीस आल्यावर

कोड चोरल्याची नोटीस आली तर काहीही डिलीट करू नका. घाबरून रिपॉझिटरी (कोडचा तारखांसकट ठेवलेला साठा) पुसणाऱ्याने स्वतःचाच पुरावा पुसलेला असतो. आपला कोड जुना आहे हे दाखवणाऱ्या तारखा त्यातच असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर रागाने किंवा माफी मागत उत्तर देऊ नका, दोन्ही पुढे वाचून दाखवलं जातं. आणि नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा जणू बोटाचा ठसा असलेला आकडा, द्यावी लागते. म्हणून मी पहिल्याच दिवशी सगळ्याची प्रत काढून तिचा हॅश लिहून ठेवतो.

समोरची कंपनी मोठ्या शहरातली आहे म्हणून गप्पही बसू नका. कॉपीराइटचा दावा वादीला तो स्वतः जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो, कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ मध्ये तशी तरतूद आहे. चाळीसगावचा एक पोरगा दोन वर्षं मनात कुढत होता, कारण त्याला वाटायचं की यासाठी बेंगळुरूला खेटे घालावे लागतील. त्याचा दावा आता जळगावला दाखल झालाय. तारखेला तो सकाळच्या रेल्वेने येतो आणि संध्याकाळी घरी जेवायला असतो.